आमचं गाणं हयातीतच पारंपरिक झालं

पहिल्यांदाच सांगून ठेवतो, मी वर्ध्याला हवापालटासाठी गेलो नव्हतो. हवापालटासाठी वर्ध्याला कोणीच जात नाही. तिथली हवा माणूसच पालटून टाकते. मी गेलो होतो भांडायला. आणि पोटभर भांडून आलो.

झालं असं, की पुण्यात घरी बसून शांतपणे म्हातारा होत असताना मला मुंबईहून मृण्मयी नावाच्या मुलीचा फोन आला. ती ज्या कंपनीत आहे ती कंपनी जुन्या मराठी रॉक बँडची गाणी जमवून पुन्हा काढते आहे. म्हणाली, "काका, तुम्ही 'अठ्ठेचाळीस डिग्री'मध्ये होतात ना?"

काका म्हणाली तिथंच माझं अर्धं डोकं फिरलं. रॉक बँडमधल्या माणसाला काका म्हणत नाहीत. उरलेलं अर्धं तिच्या पुढच्या वाक्यानं फिरलं.

"तुमचं 'डीपी जळली' आम्हाला घ्यायचंय. पण काका, ते पारंपरिक आहे ना? पोळ्याची झडती?"

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या संध्याकाळी आमच्याकडे गावभरचे बैल तोरणाखाली रांगेनं उभे करतात, आणि तोरण तुटेपर्यंत बैलवाले एकमेकांना गाण्यातून टोमणे हाणतात. त्या गाण्याला झडती म्हणतात. झडत्या आजोबा-पणजोबांच्या असतात. 'डीपी जळली' माझं आहे! मी लिहिलंय! ज्या पायजम्यावर बसून लिहिलं तो पायजमा मला आठवतो!

पोरीनं मोबाइलवर एक व्हिडिओ धाडला. शिंगं रंगवलेले बैल, गुलालानं लाल झालेला जमाव, आणि तो जमाव घशाच्या शिरा ताणून माझं गाणं ओरडतोय. खाली लिहिलेलं: पारंपरिक झडती, हिंगणी. हिंगणी म्हणजे सेलू तालुक्यातलं बोर धरणाजवळचं गाव, आणि आमच्या बँडचा गायक दिनकर तिथंच शेती करतो. मला सगळा कट एका क्षणात कळला.

"असं करू," मृण्मयी म्हणाली, "पोळ्याला मी हिंगणीत येते. तुम्ही आणि दिनकरकाकांनी समोरासमोर सांगितलंत की गाणं तुमचं, तर गाण्याखाली तुमचं नाव. नाहीतर 'पारंपरिक' लिहावं लागेल."

मी त्याच दिवशी बेस गिटार माळ्यावरून काढली आणि निघालो. गिटारीची काळी पेटी एवढी लांब, की रेल्वेत लोक उठून उभे राहिले आणि एका बाईनं हात जोडले. मीही चेहरा पाडून बसलो. वर्ध्यापर्यंत ऐसपैस जागा मिळाली.

वर्धा

सकाळी उतरलो आणि पहिली प्लेट तर्री-पोह्यांची मारली. पुण्यात पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर घालून वर लिंबाची फोड ठेवतात, जशी काही पोह्यांची मुंज आहे. वर्ध्यात पोह्यांवर लालभडक तर्री ओततात. दुसऱ्या घासाला कान मोकळे होतात, तिसऱ्याला मेलेले नातेवाईक दिसतात. मला तिसऱ्या घासाला आमचं हॉस्टेल दिसलं, म्हणून तिकडे गेलो.

हॉस्टेलची गच्ची तशीच आहे. नव्वदीच्या दशकात देशातली बाकीची पोरं सिनेमातली गाणी गुणगुणत कंगवे फिरवत होती, तेव्हा या गच्चीवर आम्ही तिघं रॉक बँड काढून बसलो होतो. दिनकर गायचा आणि गिटार वाजवायचा. बबन ड्रम बडवायचा. मी बेस धरायचो आणि गाणी लिहायचो. बेस वाजवायचो असं म्हणत नाही, कारण पहिली दोन वर्षं तिला तारच एक होती.

तेव्हा बाहेरदेशी तरणीताठी पोरं फाटक्या जीन्स घालून, केस तोंडावर सोडून, जगाला कंटाळून गात होती. कोणाच्या तरी मामेभावानं आणलेल्या कॅसेटवर आम्ही ते ऐकलं आणि चाट पडलो. हे तर आपल्याला जमण्यासारखं होतं! फाटक्या पँटी आमच्याकडे आधीपासून होत्या. कंटाळा वर्ध्यात मे महिन्यात पोत्यानं मिळतो. फक्त गिटार नव्हती, ती नागपूरहून आणली. अॅम्प्लिफायर म्हणजे एका भजनी मंडळाचा निवृत्त भोंगा. त्यातून आवाज निघाला की हॉस्टेलच्या विहिरीचं पाणी हातभर वर यायचं. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, विहीर अजून आहे. पाणी तेवढं नाही.

बँडचं नाव ठरवायला डोकं लावावं लागलं नाही. उन्हाळ्यात पेपरात रोज पहिल्या पानावर छापून यायचं.

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पहिल्यांदा वाजवलं. पहिल्या गाण्याला पोरं हसली, दुसऱ्याला गप्प झाली, तिसऱ्याला लाइन गेली. गावाबाहेर खांबांवर विजेची जी पेटी टांगलेली असते तिला आमच्याकडे डीपी म्हणतात, ती जळली होती. आणि योगायोग असा, की तिसरं गाणं तेच होतं:

*डीपी जळली, जळू दे रे,*
*लाइन गेली, जाऊ दे रे,*
*साहेब म्हने उद्या येतो,*
*उद्या कुठं राह्यते रे?*
*उद्याच्या घरी जाऊन आलो,*
*कुलूप होतं दाराले.*

अंधारात दिनकर गातच राहिला. बबननं ड्रम सोडून टेबल बडवायला घेतलं. पोरं बाकांवर चढली. प्राचार्य टॉर्च घेऊन आले ते आम्हाला थांबवायला, आणि स्टेजवर पोचेपर्यंत त्यांचीही टॉर्च ठेक्यात हलू लागली होती. त्या एका गाण्यानं आम्ही मोठे झालो. गणपती मंडळांची बोलावणी आली. कॅसेट निघाली. आष्टीच्या बाजारात ती कांद्याच्या रोपांशेजारी पालावर विकली गेली आणि रोपांपेक्षा जास्त खपली. त्या वर्षी आष्टीत कांदा झाला नाही, एवढं सांगितलं की पुरे.

लाइन कुठंही जायची, म्हणून आम्ही हळूहळू विजेशिवायच वाजवू लागलो. आधी साध्या गिटारवर, मग डफावर, मग नुसत्या टाळ्यांवर. पुढे टीव्हीवर मोठमोठे बँड गिटारीची वायर काढून वाजवू लागले तेव्हा जगानं त्याला नवी कला म्हटलं. आमच्या वेळी कोणी कला म्हटलं नाही. "बिल भरलं नाई का बे?" असं म्हटलं. नंतर नोकरीनं मला पुण्याला नेलं, शेतीनं दिनकरला हिंगणीला आणि बबनला पवनारला. बँड संपला. गाणं मात्र माझं होतं ते माझंच राहिलं, असं मी समजून चाललो होतो.

पवनार

साक्षीदार म्हणून बबनला बरोबर घ्यायचं ठरवलं होतं. पवनारला एसटीतून उतरलो, तर धाम नदी पात्र भरून वाहत होती आणि काठच्या शेतांत तूर छातीला लागली होती. बबन घराच्या ओट्यावर बसून बैलाच्या झुलीला आरसे टाचत होता. पोट वाढलेलं, केस गेलेले, पण सुईचा ठेका अजून चारच्या मात्रेत.

"आलास का बे मन्या? हे मढं कोनाचं घेऊन आलास?"

"बेस आहे. तुझा ड्रम कुठंय?"

"वावरात."

"वावरात काऊन?" माझी जीभ पवनारच्या पाण्याला लागलीच.

"रानडुकरं येते ना बाप्पा. तुरीत घुसते. मंग मी मचानावर बसून वाजवतो."

"काय वाजवतोस?"

"आपलेच गाने. 'डीपी जळली' लावली का पळते. बाकीच्या गान्याले नाई पळत, उभे राहून आयकते."

नव्वदीतल्या एवढ्या बँडमधून आजही रोज कार्यक्रम करणारा आणि रोज नवा श्रोता मिळवणारा बहुधा हा एकटाच ड्रमर असेल. मी त्याला मुद्द्यावर आणलं. "बबन्या, ते गाणं कोणाचं?"

"आपलं."

"आपलं म्हणजे?"

"आपलं म्हनजे... आपल्या इकडचं."

इकडचं! मी समोर बसून त्याच्या बायकोच्या हातचा चहा पितोय आणि हा माणूस म्हणतो इकडचं! मी पायजम्यापासून सगळी आठवण करून दिली. त्यानं सुई थांबवली, डोळे मिटले.

"हो, तूच लिवलं होतं. बरोबर हाये. पन मले आता असं वाटून राह्यलं मन्या, का ते गानं पहिलेपासूनच होतं. तुले फक्त सापडलं."

या वाक्यावर मी जो ओरडलो तो धामच्या पलीकडल्या काठावर ऐकू गेला आणि तिकडून कोणीतरी "कोन मेलं?" असं विचारलं. बबननं शांतपणे झूल घडी केली, मचाणावरून ड्रम उतरवला, आणि आम्ही त्याच्या मिनीट्रकमधून हिंगणीला निघालो.

हिंगणी, पोळ्याच्या आदल्या दिवशी

हिंगणीच्या अलीकडे जंगल रस्त्याला खेटून येतं. बोरचा वाघ या रस्त्यावर बसतो. त्या दिवशीही बसला असणार, पण बबन गाडी चालवताना गात होता आणि वाघालाही कान असतात.

दिनकर अंगणात बैलांच्या खांद्याला हळद आणि तूप चोळत होता. वर्षभर जू वाहिलेले खांदे आदल्या दिवशी असे शेकतात आणि बैलांना हात जोडून उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. पुण्यात आम्ही मातीचा बैल फुटपाथवरून आणतो, शोकेसमध्ये ठेवतो आणि संध्याकाळी धूळ पुसतो. इथं बैलाच्या कानाशी वाकून अख्खं घर म्हणतं, उद्या जेवायला या. आणि ज्यानं या घराच्या धन्याला गायक बनवलं तो माणूस पेटी घेऊन फाटकात उभा होता, तर त्याच्याकडे बघायला कोणाला सवड नाही!

"दिन्या! ते गाणं कोणाचं?"

"पयले आत त ये लेका. पाय धू."

"नाही. आधी सांग."

दिनकर हसला आणि बैलाच्या दुसऱ्या खांद्याकडे गेला. आतून शोभावहिनी आल्या, दिनकरची बायको. त्यांनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "भाऊजी, झुनका केला अन् अंबाडीची भाजी. भांडन जेवल्यावर करजा. उपाशीपोटी भांडाल त चक्कर येईन."

मी जेवल्यावर भांडायचं ठरवलं. पण अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल, जाड ज्वारीची भाकर. जेवल्यावर भांडायला जो कोपर टेकला तो संध्याकाळीच उचलला. तोवर मृण्मयी येऊन पोचली होती. तिच्या हातात केसाळ आवरणाचा माइक होता. गल्लीतली सगळी पोरं तिच्यामागं होती, कारण तिनं मुंगसाचं पिल्लू काठीला बांधलंय अशी गावभर बातमी होती.

मी तिला दिनकरसमोर बसवलं आणि म्हटलं, विचार. दिनकर म्हणाला, "उद्या. पोळ्यात इचारजो बाई. तिथंच सांगतो."

मला वाटलं, शाब्बास. चारचौघांत सांगणार. गड्याचं मन अजून स्वच्छ आहे. एवढा मोठा बावळटपणा मी आयुष्यात दुसरा केला नाही.

पोळा

दुपारी पुरणपोळी, कढी आणि वडे. आधी बैलांना, मग आम्हाला. चारच्या सुमारास गावाबाहेरच्या मैदानात तोरण बांधलं: आंब्याची पानं, मधे नारळ, दोन्ही टोकं खांबांना. एका अंगाला वरल्या मोहल्ल्याचे बैल, दुसऱ्या अंगाला खालच्या मोहल्ल्याचे. दिनकर वरल्या मोहल्ल्याचा. त्यांचा म्होरक्या म्हणजे पुंडलिकआजा, वय विचारलं तर "बरंच हाये" म्हणणारा, कापसाच्या सुकलेल्या पऱ्हाटीसारखा म्हातारा. आवाज मात्र असा, की आमच्या भोंग्यानं त्याच्याकडे शिकवणी लावावी.

झडत्या सुरू झाल्या. खालच्या मोहल्ल्यानं वरल्यांच्या बैलांची हाडं मोजली. वरल्यांनी खालच्यांच्या सासवा काढल्या. आणि मग पुंडलिकआज्यानं काठी वर केली आणि अख्ख्या वरल्या मोहल्ल्यानं माझं गाणं सुरू केलं.

*डीपी जळली, जळू दे रे...*

खरं सांगतो, अंगावर काटा आला. रागानंच आला. एवढ्या मोठ्या जमावापुढं अठ्ठेचाळीस डिग्री कधी वाजली नव्हती. साहेब म्हने उद्या येतो, इथपर्यंत सगळं बरोबर. उद्या कुठं राह्यते रे, बरोबर. आणि शेवटी? माझी ओळ, कुलूप होतं दाराले? ती नाहीच! त्याऐवजी:

*उद्याच्या घरी बैल धाडा,*
*बोला हर हर महादेव!*

माझ्या गाण्यात देव नव्हता. ठरवून नव्हता! आम्ही कंटाळलेली, रागावलेली, कशावरच विश्वास नसलेली पोरं होतो. त्या गाण्याचा सगळा जीव त्या कुलपात होता. आणि या लोकांनी कुलपावर बैल घातला! मी पुंडलिकआज्याला बाजूला ओढलं.

"आजा, हे गाणं कोणाचं?"

"माह्या बापाच्या येळचं हाये बापू."

"तुमच्या वडलांच्या काळात गावात लाइन होती?"

"कायची लाइन? कंदील होते."

"मग डीपी कशी जळली?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "तेच त सांगून राह्यलो. माह्या बापाले पुढचं दिसत होतं."

मी मृण्मयीला हाक मारली. ती मुंगूस घेऊन पुढं आली. बैलसुद्धा रवंथ थांबवून बघू लागले. तिनं दिनकरला विचारलं, "दिनकरकाका, हे गाणं कोणाचं?"

दिनकरनं माझ्याकडे पाहिलं. मग बैलांकडे पाहिलं.

"गावाचं," तो म्हणाला.

यापुढं माझा माझ्यावर ताबा नव्हता. मी ओरडलो, "माझं आहे! मी लिहिलंय! हा गाणारा, तो बबन वाजवणारा, आणि लिहिणारा मी, मनोहर!"

खालच्या मोहल्ल्यात आनंदाची जी लाट उठली ती सांगता सोय नाही.

"मालक भेटला रे! वरल्यायच्या झडतीचा मालक भेटला!"

"पुण्याहून मांगून आनली का रे झडती?"

"आज्याच्या बापाचं नाव मनोहर होतं का बे?"

वरला मोहल्ला खाली मान घालून उभा. कोणीतरी म्हणालं, "तुमचं हाये त म्हना ना पुरं!"

म्हणालो! सगळ्या गावासमोर, एकटा, छाती फुगवून. आणि शेवटी पोचलो ते माझ्या शेवटाशी. कुलूप होतं दाराले. संपलं.

कोणी हललं नाही.

"मंग?" पुंडलिकआजा म्हणाला.

"मग काय? संपलं."

"संपलं कसं? देवाचं नाव आलं नाई त तोरन कसं तुटीन? बैल कसे जातीन?"

खरंच तोरण तुटेना. तो नेमच आहे: झडती महादेवाच्या नावावर संपली की तोरण तोडायचं, त्याशिवाय एक बैल पाऊल उचलत नाही. रांगच्या रांग उभी. तोरण तोडणारे दोघं माझ्याकडे बघताहेत. मागून एक बाई म्हणाली, "कुलूपच लावून ठेवलं व माय ह्या मानसानं." मी म्हटलं, मी माझी ओळ बदलणार नाही. त्यांनी म्हटलं, नका बदलू, आम्ही उभे आहोत. अंधारून यायला लागलं. एका बैलानं माझ्या पायाशी शेणाची मुद्रा उमटवली. शेवटी पुंडलिकआज्यानंच मागून गळा काढला, "उद्याच्या घरी बैल धाडा...", आणि सगळं मैदान, वरला-खालचा दोन्ही, महादेवाच्या नावानं असं फुटलं, की तोरण तोडायची गरज पडली नाही, आवाजानंच तुटलं. बैल धावले. मीही धावलो, कारण मी त्यांच्या पुढे होतो. असा धावलो की बोर धरणाच्या भिंतीवर जाऊन थांबलो असं आता गावात सांगतात. ते खोटं आहे. अलीकडच्या उकिरड्यावर थांबलो.

तान्हा पोळा

दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी बैलांना चाकं लावून गल्लीतून ओढत होती आणि मी दिनकरच्या ओट्यावर शोभावहिनींनी दिलेल्या गरम पाण्यात पाय बुडवून बसलो होतो. दिनकर शेजारी बसला.

"माह्यासंगही असंच झालतं," तो म्हणाला.

"काय?"

"आपला बँड बंद पडला त्या सालची गोष्ट. गावची डीपी खरंच जळली होती. पोळा आला तरी कोनी आलं नाई दुरुस्तीले. पोळ्यात लोकं चिडून होते. मी आपलं गानं म्हटलं. तुह्या कुलपापाशी आलो अन् थांबलो. कोनी हालेना. बैल उभे. मंग मांगून आज्यानं ते बैलाचं जोडलं. तवापासून हरसाल म्हनते लोकं."

म्हणजे म्हातारा अगदीच खोटं बोलत नव्हता. शेवटची ओळ त्याचीच होती! माझ्या दाराचं कुलूप फोडणारा दरोडेखोर मला सापडला, आणि त्याला मी आदल्या दिवशी आजा म्हणून नमस्कार केला होता.

"मग तू काल खरं का नाही सांगितलंस?"

"खरं सांगतलं असतं त काय झालं असतं, पाह्यलं ना तू? झडतीचा मालक सापडला का झडती मेली. पुढच्या पोळ्याले वरल्यायनं म्हटली का खालचे म्हनतीन, मालकाले इचारलं का? पुण्याले फोन लावला का? मंग कोनी म्हनत नाई. असे लय गाने मेले गावात." त्यानं माझ्या पायावर आणखी पाणी ओतलं. "मन्या, तुले नाव पाह्यजे का गानं?"

"दोन्ही पाहिजे!" मी म्हणालो. आणि यात चुकलं काय? कोणत्या लिहिणाऱ्याला दोन्ही नको असतं?

दिनकर आपल्या जुन्या गिटारीच्या तारा पिळायला लागला.

दुपारी अंगणात रेकॉर्डिंग ठरलं. बबननं ड्रम मांडला, मी बेस गावच्या देवळाच्या भोंग्याला जोडली. अंगणाच्या भिंतीवर, गोठ्याच्या छपरावर, कडुनिंबावर माणसंच माणसं. दोन्ही मोहल्ले आले होते, पुंडलिकआजा धुतलेला फेटा बांधून सगळ्यांत पुढं. मृण्मयी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, दिनकरकाकांनी मला आज सकाळी खरं काय ते सांगितलं. तुम्ही म्हणाल तसं लिहीन. गाण्याखाली काय लिहू?"

हळूच बोलली, पण हिंगणीत हळू काही नसतं. पुंडलिकआज्यानं ऐकलं.

"लिवा ना बाई त्याचं नाव," तो म्हणाला. रागानं नाही, टोमण्यानं नाही. "ज्याचं त्याले द्याव. आपन दुसरं पाहू."

मागं वरल्या मोहल्ल्याची पोरं उभी होती. त्यांतला एक लगेच शेजाऱ्याला विचारायला लागला, दुसरं कोणतं म्हणायचं मग? आणि शेजारी विचार करू लागला! इतक्या सहज! जसं काही ताटातलं लोणचं बदलायचं आहे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांचं गाणं, आणि हे लोक माझ्या डोळ्यांदेखत ते खाली ठेवून दुसरं उचलायला निघाले होते.

"काही गरज नाही दुसरं पाहायची!" मी ओरडलो. "हेच म्हणा! मृण्मयी, तुला काय लिहायचं ते लिही!"

"पारंपरिक लिहू?"

मी हो म्हणालो नाही. हे वाचकांनी नीट लक्षात ठेवावं. मी फक्त बेसच्या तारेवर हात मारला, म्हणजे सुरू करा. आणि त्याच क्षणी लाइन गेली.

अंगणातून हसण्याचा जो लोट उठला त्यात बबननं ठेका धरला. मृण्मयीचं यंत्र बॅटरीवर होतं, ते चालू होतं. दिनकर साध्या गिटारवर आला. माझी बेस मुकी झाली, तेव्हा माझ्याकडे नुसता गळा उरला. दिनकरचा आवाज जाडा झालाय, वर जाताना तुटतो, पण तुटतो तिथं पूर्वीपेक्षा बरा लागतो. दुसऱ्या ओळीला भिंतीवरचे आले, तिसऱ्या ओळीला कडुनिंब आला. खालचा मोहल्ला वरल्यांची झडती म्हणत होता, असं यापूर्वी कधी झालं नसेल. उद्या कुठं राह्यते रे, असं सगळं गाव विचारत होतं, आणि पुढं माझी ओळ येत होती.

मी ती म्हटली. माझी, जशी लिहिली तशी.

ते गाणं आता मोबाइलवर मिळतं. खाली 'पारंपरिक' लिहिलंय, 'सादरकर्ते अठ्ठेचाळीस डिग्री आणि हिंगणीचे गावकरी'. मी मृण्मयीला दर आठवड्याला फोन करून यावर भांडतो, आणि ती काका काका करत ऐकून घेते. शेवटाकडे नीट कान द्या. सगळं गाव महादेवाच्या नावानं गरजतं, आणि त्या गर्जनेच्या तळाशी, किंचित मागं पडलेला, एक घोगरा माणूस एकटाच कुलपाबद्दल काहीतरी सांगत असतो. मृण्मयी म्हणाली होती, काका, तेवढी एक चूक साफ करून टाकता येईल.

मी म्हटलं, हात तर लावून बघ.